गोदामातला दिवा बंद करून

पुन्ता अरेनासच्या करमुक्त बाजारात
मी कॅमेरे विकतो. हे अकरावं वर्ष.
दार उघडलं की आधी वारा आत येतो, मग गिऱ्हाईक.
त्या दिवशी वाऱ्यामागून येर्को आणि मारित्सा आले,
तिला सातवा महिना, त्याच्या काखेत वही.

मी नेहमीचं सुरू केलं.
बाळ रडलं की हा तुमचा फोन वाजवतो.
ह्याच्यातून तुम्ही बोललात की पाळण्यात ऐकू जातं.
ह्यात तर बारा अंगाया भरूनच येतात,
शिवाय समुद्राची गाज, शिवाय आगगाडी.
दोघं माझ्या ओठांकडे बघत राहिली.
मग काचेवर वही टेकून त्यानं लिहिलं,
‘आम्हाला ऐकू येत नाही. अंधारात काय दिसतं?’

तसं सगळेच विचारतात, रात्री दिसतं ना?
मी म्हणतो दिसतं. ते म्हणतात बरं.
इतकंच असतं ते.

खोक्यावरचं वाचून मी लिहिलं: दहा मीटरपर्यंत.
‘खोली तीन मीटरची आहे,’ त्यानं लिहिलं,
‘बोटं दिसतात का?’

तेव्हा आम्ही गोदामात गेलो, दिवा बंद केला.
वॉशिंग मशीनच्या रिकाम्या खोक्यात येर्कोनं हात घातला,
मारित्सा आणि मी दाराबाहेर, पडद्यासमोर.

पहिल्यात हात राखेचा, बोटं एकमेकांत विरघळलेली.
दुसरा लख्ख, पण सेकंदाला जेमतेम दहा चित्रं;
हात वर होता, मग खाली होता,
मधलं कुठे सांडलं कळेना.
तिनं वहीत लिहिलं, ‘हा तोतरा आहे.’
तिसऱ्याचे दिवे अंधारात लाल दिसायचे,
नऊ ठिणग्या, विझायला विसरलेल्या.
‘बाळ आमच्याऐवजी ह्याच्याकडेच बघत बसेल.’

चौथा फळीच्या मागून काढला.
नुसती डबी. स्पीकर नाही, गाणं नाही,
भिंतीतून तार ओढावी लागते.
तीन वर्षं पडून होता, राखणदारही घेत नव्हते.
पडद्यावर येर्कोचा हात उगवला
नखांच्या कडांसकट,
आणि भराभर काहीतरी सांगू लागला.
मारित्सा हसली, मग कानापर्यंत लाल झाली,
मग तिनं पडदा तळहातानं झाकला,
जसं काही मला समजणार होतं.

उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती
सान्तियागोहून मागवावी लागली.
मी सावध केलं: पाळण्यात काही हललं की ती थरथरेल,
पण पडदा हलला तरी थरथरेल. इथला वारा तुम्हाला माहीतच आहे.
येर्कोनं बराच वेळ पेन धरून ठेवलं.
‘आजवर वाऱ्यानं आम्हाला कधी उठवलं नव्हतं.
चला, तेही बघू.’
आणि खाली, बारीक अक्षरात,
‘आवाज नाही तर आवाजाचे पैसे कापा.’
मी कापले.

ऑगस्टमध्ये दोघं परत आली.
खरेदी काही नव्हती, फोन दाखवायचा होता.
करड्या उजेडात दान्को, आठ महिन्यांचा,
कोपऱ्यात वेळ: तीन वाजून बारा मिनिटं.
डोळे मांजरासारखे चमकणारे.
रडत नव्हता. वर बघत होता, थेट डबीकडे,
आणि एक मूठ
उघडत होता, मिटत होता, उघडत होता.

‘दूध,’ मारित्सानं लिहिलं.

त्याला ऐकू येतं, म्हणाली ती वहीत,
डॉक्टरांनी तपासलंय.
पण हाक कुठे पोचते ते त्याचं त्यानं शोधलं.

बाहेर वारा दुकानाची पाटी बडवत होता,
सुटून पडेल असं वाटलं. दारातून जाताना जपा,
हे त्यांना सांगावं म्हणून मी हात वर केला
आणि तो तसाच राहिला,
दहाही बोटांत एक शब्द नाही.